चहाच्या मळ्यातला जिवाणू पानमळ्यात चालेल का?

चिकोडी तालुक्यातल्या, कृष्णाकाठच्या एका पानमळेवाल्याचा प्रश्न थोडक्यात असा. वीस गुंठे पानमळा, काळं रान, शेवरीवर चढवलेला तीन वर्षांचा वेल. आर्द्रा लागल्यापासून तळाच्या पानांवर काळपट डाग दिसायला लागले आणि पुष्यात ते वर सरकले. निलगिरीत चहाच्या पानावरच्या बुरशीला जिवाणू फवारून आवर घालतात, असं त्यांच्या वाचनात आलं. म्हणून दुकानातून ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पुडी आणून दोनदा पानांवर फवारली. फरक काही नाही. आता दुकानदार म्हणतो तिसऱ्यांदा मारा, शेजारी म्हणतो मोरचूद, म्हणजे तांब्याचं औषध, मार नाहीतर वेल जाईल. आणि त्यांचं शेवटचं वाक्य: "जैविक खरंच चालतं, की नुसत्या पुड्या खपवायचा धंदा आहे?"

दोन्ही खरं आहे. चालतंही, आणि पुड्याही खपवल्या जातात. पण तुमच्या बाबतीत पुडी अस्सल निघाली असती तरी निकाल हाच लागला असता, असं मला वाटतं. तुमच्या वर्णनावरून रोग जमिनीतून वर चढतोय आणि तुम्ही औषध मारताय पानावर. त्यात चोर घरात शिरून बसल्यावर राखणदाराला बोलावलंय. तेव्हा "कुठलं औषध" हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. हा रोग नेमका कुठला आणि येतो कुठून, ते आधी बघू. त्याचं उत्तर मिळालं की औषधाचा प्रश्न निम्मा सुटतो.

मी कुठून बोलतोय ते सांगतो. घरचा पानमळा निपाणीच्या बाजूला, वडिलांच्या हातचा. शेतकीचं शिक्षण धारवाडला झालं. पुढची २७ वर्षं चिकोडी, रायबाग, अथणी आणि सीमेपलीकडच्या मिरज तालुक्यात पानमळे, हळद आणि भाजीपाल्यातल्या रोगांचं काम करतोय. सुरुवातीची बरीच वर्षं माझाही जैविकावर विश्वास नव्हता. वडील तर त्याला "पिठाची पुडी" म्हणायचे.

आधी चहाचं बघू. तुम्ही वाचलंत ते चूक नाही. चहाच्या कोवळ्या पानावर फोड आणणारी एक बुरशी आहे, एक्झोबॅसिडियम व्हेक्सान्स. आसामात ती एकोणिसाव्या शतकातच माहीत झाली होती. दक्षिणेत ती १९४६ साली आली आणि तेव्हापासून निलगिरी-अनैमलैच्या मळ्यांचा पावसाळा तिला तोंड देण्यात जातो. तिथला जुना उपाय म्हणजे तांब्याची औषधं, तीही थोड्या थोड्या दिवसांनी. मग कोईमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या जिवाणूचा पीएफ-१ हा प्रकार शंखजिऱ्याच्या भुकटीत घालून आठवड्याच्या अंतरानं फवारला, आणि फोड कमी होतात हे दाखवलं.

यातलं "आठवड्याच्या अंतरानं" हे वाक्य लोक वाचतात आणि विसरतात. तो जिवाणू बुरशीला धरून मारत नाही, निदान मुख्य काम ते नाही. तो पानाला जागं करतो. झाडाची स्वतःची प्रतिकाराची जी व्यवस्था असते, ती तो आधीच कामाला लावतो, म्हणजे बुरशीचा बीजाणू पानावर उतरेपर्यंत दारं बंद झालेली असतात. चहाला दर काही दिवसांनी नवी पालवी फुटते, ती पालवी म्हणजे नवं उघडं दार, म्हणून फवारणीही पुन्हा पुन्हा. डाग पडून गेलेल्या पानाला हा जिवाणू बरं करत नाही. ना चहाच्या, ना तुमच्या.

दुसरी गोष्ट, चहाची ती बुरशी फक्त जिवंत आणि कोवळ्या पानावर जगते. तिचे बीजाणू वाऱ्यावरून येतात, मातीशी तिचा संबंध नाही. त्यामुळे तिथं पानावर फवारणं हाच सरळ रस्ता आहे. आपल्या पानमळ्यातल्या सर्वात मोठ्या शत्रूचं घरच मातीत आहे. चहाचं वेळापत्रक उचलून शेवरीखाली आणलं तर ते असं फसतं.

तरी तुम्ही चहाकडे बघितलंत ते बरोबरच केलंत. दोन्हीकडे पान हाच माल. टोमॅटोच्या पानावर औषध राहिलं तर फळ निराळं असतं, इथं तशी सोय नाही. त्यात चहाचं पान वाळतं, उकळतं. खाऊचं पान मात्र धुतलं, देठ मोडला, चुना लावला की थेट तोंडात. म्हणून पानमळ्यात जैविकाचा विचार करणं मला हौसेचं वाटत नाही. उलट आपल्याकडच्या सगळ्या पिकांत त्याची सर्वात जास्त गरज इथंच आहे.

आता रोग. पावसाळ्यात पानवेलीवर काळे डाग दिसले की आपल्याकडे सरसकट "करपा आलाय" म्हणतात. त्या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे रोग असतात, आणि तिघांना औषध वेगळं लागतं.

पहिला फायटॉप्थोरा. हा पानकुजही आणतो आणि वेलाच्या बुंध्याला लागला की मरही, म्हणजे अख्खा वेल वाळून जातो. डाग मोठा, गोलसर, आधी पाणी शोषल्यासारखा, मग गडद तपकिरी-काळा. कधी कधी डागात पाण्याच्या तरंगासारखी वलयं दिसतात. सुरुवात जवळजवळ नेहमी जमिनीलगतच्या पानांपासून, आणि चार दिवस झड लागली की डाग रुपयाएवढे होतात. शाळेत आपण याला बुरशी म्हणून शिकलो, पण तो खरी बुरशी नव्हे, पाण्यातल्या शेवाळांच्या भावकीतला आहे. त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात अक्षरशः पोहतात. साचलेलं पाणी, पाटातून वाहणारं पाणी, पावसाच्या थेंबानं उडालेला चिखल, हीच त्याची वाहनं. आणि तो खरी बुरशी नसल्यामुळेच कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. आपल्या भागात पानकुजीवर दरवर्षी किती कार्बेन्डाझिम वाया जातं हे बघितलं की जीव हळहळतो. उलट मातीत चांगलं काम करणारा ट्रायकोडर्मा त्याच औषधानं मरतो.

दुसरा खरा करपा, कोलेटोट्रायकम. डाग लहान, वेडेवाकडे, भोवती पिवळी कड, मध्ये वाळून कागदासारखे होतात. वेलाच्या कांड्यांवरही काळे चट्टे येतात. हा जमिनीपासूनच सुरू होईल असं नाही, मधल्या उंचीवरही दिसतो. तिसरा जिवाणूजन्य ठिपका. पानाच्या खालच्या बाजूला तेलकट, कोनेदार बारीक ठिपके, शिरांनी अडवलेले, भोवती पिवळं. यावर कार्बेन्डाझिमसारखं निव्वळ बुरशीचं औषध मारा, उपयोग नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पानं ओली आहेत, त्यामुळे मी ठामपणे काही म्हणणार नाही. "तळापासून वर" या तुमच्या शब्दांवरून माझा संशय पहिल्यावर आहे. खात्रीसाठी घरीच एक गोष्ट करता येते. जेवणाचा जुना स्टीलचा डबा घ्या, स्वच्छ धुवा. तळाला वर्तमानपत्राची घडी ओली करून ठेवा, ओली म्हणजे निथळलेली, पाणी साचता कामा नये. त्यावर ताज्या डागांची पाच पानं, डागाची खालची बाजू वर करून पसरा आणि झाकण लावा. डबा घरात सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात तिरकं धरून बघा. डागाच्या कडेला, जिथं काळं संपून हिरवं सुरू होतं तिथं, दवासारखा पांढरा विरळ कापूस दिसला तर फायटॉप्थोरा. कापूस नाही, पण तिसऱ्या दिवसापर्यंत डागाच्या मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके आणि त्यावर गुलाबीसर चिकट थेंब आले तर करपा. जिवाणूची शंका असेल तर डागाचा तुकडा ब्लेडनं कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात सोडा आणि पेला खिडकीसमोर धरा. कापलेल्या कडेतून दुधाच्या धारेसारखं काही उतरताना दिसलं तर जिवाणू. ही परीक्षा प्रयोगशाळेएवढी पक्की नाही, आणि दोन रोग एकाच पानावर असणं आपल्याकडे सर्रास आहे. शंका राहिली तर अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात किंवा मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवा. नेताना पानं कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घामाघूम होऊन ती पोचेपर्यंत वेगळीच बुरशी उगवते.

आता तुमच्या ट्रायकोडर्माकडे येतो. ट्रायकोडर्मा हा मातीतला गडी आहे. मुळाशी, कुजलेल्या शेणखतात, ओलाव्यात आणि अंधारात तो जोमानं वाढतो, दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना विळखा घालतो, तिच्या पेशीची भिंत विरघळवतो, तिच्या वाटणीचं अन्न खातो. त्याला उचलून पानाच्या गुळगुळीत, मेणचट पृष्ठभागावर बसवलं की तो तिथं परका असतो. ऊन पडलं तर सुकतो, सर आली तर वाहून जातो. कडक उन्हात दुपारी बारा वाजता फवारलेला ट्रायकोडर्मा मी पाहिलाय आणि "काही फरक नाही" ही तक्रारही त्याच मळ्यातून ऐकली आहे. पानावर राहायचं काम स्यूडोमोनास आणि बॅसिलस सबटिलिस हे जिवाणू जास्त बरं करतात. त्यातही बॅसिलसला जाड कवचाचे बीजाणू करता येतात, त्यामुळे तो ऊन आणि साठवण दोन्ही सोसतो. स्यूडोमोनास नाजूक असतो.

पुडीबद्दलही बोलायला हवं, कारण धंद्याचा तुमचा संशय निराधार नाही. एका वर्षी मी एका कंपनीच्या ट्रायकोडर्माच्या सहा पुड्या तीन दुकानांतून आणल्या. भात शिजवला, जरा मोकळाच. उकळत्या पाण्यातून काढलेल्या सहा बरण्यांत दोन-दोन चमचे भात घातला, गार होऊ दिला आणि प्रत्येक पुडीची चिमूटभर भुकटी टाकून तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं. ट्रायकोडर्मा जिवंत असेल तर दोन-तीन दिवसांत पांढरं जाळं येतं आणि पाचव्या दिवसापर्यंत ते गर्द हिरवं होतं. सहातल्या दोनच बरण्या हिरव्या झाल्या. बाकी चारांतला भात नुसता आंबला. कंपनी खोटारडी होती असं मी म्हणणार नाही. पुडी कारखान्यातून जिवंत निघालीही असेल. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात, वरच्या फळीवर, तीही गेल्या हंगामातली पुडी ठेवली तर त्यात जीव राहील कसा? हिरवं झालं म्हणजे उत्तमच असंही नाही, भातावरची साधी बुरशीही हिरवी असते. पण हिरवं झालंच नाही तर पैसे गेले, एवढं नक्की समजतं.

विकत घेताना जिवंत जंतूंची संख्या बघा. ट्रायकोडर्मात ग्रॅममागे किमान २० लाख आणि स्यूडोमोनासमध्ये किमान १० कोटी असायला हवी. बनवल्याची तारीख बघा, आणि तीन-चार महिन्यांपेक्षा जुना माल मी स्वतः घेत नाही, लेबलवर मुदत काहीही असो. लेबल कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर दुकानदाराला न विचारता घरच्या पोराला विचारा. सीमाभागात घरटी एक तरी नातू कन्नड शाळेत आहे. शक्य असेल तर माल धारवाडच्या कृषी विद्यापीठातून किंवा शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात नवा आलेला घ्या. मोटारसायकलच्या डिकीत घालून भर उन्हात आणू नका.

माझ्या मळ्यात मी काय करतो ते सांगतो. हे असंच्या असं उचलू नका, कारण माझं रान तांबूस आणि निचऱ्याचं आहे, तुमचं काळं आणि नदीकाठचं. काळ्या रानात पाण्याची बाजू माझ्यापेक्षा दुप्पट सांभाळावी लागेल.

काम मृगाच्या बरंच आधी, मेमध्ये सुरू होतं. चांगलं कुजलेलं, हातात घेतलं तर वास न येणारं शेणखत १०० किलो, निंबोळी पेंड १० किलो, त्यात ट्रायकोडर्मा १ किलो. झाडाखाली सावलीत ढीग करायचा, मुठीत दाबला तर लाडू होईल पण पाणी गळणार नाही इतका ओलावा ठेवायचा, वर ओलं पोतं टाकायचं. आठव्या दिवशी एकदा वर-खाली करायचा. पंधराव्या दिवशी पोतं उचललं की ढिगावर पांढरी-हिरवी साय दिसते आणि जंगलात पाऊस पडल्यावर येतो तसा वास येतो. ज्या वर्षी हा वास आला नाही त्या वर्षी मी तो ढीग साधं खत म्हणून वापरला, औषध म्हणून त्याच्यावर विसंबलो नाही. असे दोन-तीन ढीग वीस गुंठ्यांत वेलाच्या बुंध्याभोवती, उतरणीनंतर, म्हणजे वाढलेला वेल खाली उतरवल्यावर, पुरलेल्या वेलालगत देतो आणि मातीनं झाकतो. एका पुडीतला जीव असा शंभर किलोत वाढतो. तीच पुडी पंपात घालून फवारली असती तर एका दुपारीत संपली असती.

मृग लागायच्या आत जमिनीपासून हात-दीड हातापर्यंतची सगळी पानं खुडून घेतो. कळकट असतील तरी. चिखल उडून जिथं पोचतो ती पहिली पायरीच काढून टाकायची. ओळींच्या मध्ये उसाचं पाचट पसरतो, पातळ, बुंध्यापासून वीतभर लांब. पाचट थेंबाचा मार अंगावर घेतं, चिखल उडत नाही. आपल्याकडे पाचट जाळतात. ते जाळण्यापेक्षा पानमळ्यात आणून टाका, एवढं एक ऐका. शेवरीच्या फांद्या आणि भोवतीचा कूडही पावसाळ्याच्या तोंडावर विरळ करतो. उन्हाळ्यात वेलाला सावली हवी, पण झडीच्या दिवसांत पान लवकर सुकायला हवं. डोक्यावर गच्च सावली आणि चारी बाजूंनी बंद कूड म्हणजे तुम्ही डब्यात केलेला तो ओल्या कागदाचा प्रयोग आख्ख्या मळ्यावर करण्यासारखं आहे.

मग कर्नाटकी बेंदराच्या सुमारास स्यूडोमोनास. लिटरला १० ग्रॅम, थोडा गूळ, गाळून घेतलेलं पाणी. बुंध्याला ओतायचा आणि वेलाच्या खालच्या तीन-चार फुटांवर पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारायचा. वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. सूर्याच्या किरणांनी हा जिवाणू मरतो आणि रात्रीच्या ओलाव्यात तो जम बसवतो. पुढं दर दहा-बारा दिवसांनी, झड असेपर्यंत. मधे सर येऊन दोन तासांत धुवून गेलं तर पुन्हा. हे कंटाळवाणं काम आहे हे मान्य. चहामळ्यात पगारी माणसं असतात, आपल्याकडे आपणच.

पंपाची गोष्ट राहिली. ज्या पंपात काल मोरचूद होता त्यात आज जिवाणू घातला तर तो टाकीतच मरतो. तांबं बुरशीला मारतं तसं जिवाणूलाही मारतं. काही जण एका फेरीत काम उरकायचं म्हणून दोन्ही एकत्र मारतात. राखणदाराला आधी विष पाजून मग रानात पाठवण्यातला हा प्रकार. जैविकाचा पंप मी वेगळाच ठेवलाय, त्यावर रंगानं मोठी फुली मारलीय. आणि तांबं आणि जैविक यांत किमान पंधरा दिवसांचं अंतर ठेवतो. दुसरी कुठली जिवाणूनाशकं असतील तर स्यूडोमोनासच्या बाबतीत तोच नियम.

पाय हाही एक मुद्दा आहे, आणि यावर लोक हसतात. पानमळा म्हणजे देवाची जागा, चप्पल बांधावर काढूनच आत जायचं ही आपली जुनी रीत. माझी आजी सोवळं असल्यासारखी आत जायची. ती रीत चांगलीच. पण आता पानं खुडणारी टोळी सकाळी एका मळ्यात आणि दुपारी दुसऱ्या मळ्यात असते, अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल. पहिल्या मळ्यात मर असेल तर तो चिखल तुमच्या बुंध्याशी येतो. मी फाटकाशी पाण्याची घमेली ठेवली, पाय धुवून आत यायचं, बस. आधी बायका म्हणाल्या, "मालक, देवळात आलो काय?" मी म्हणालो, "होय की." आता कोणी विचारत नाही. तसंच पाण्याचं. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पाणी सोडू नका, प्रत्येक वाफ्याला पाटातून वेगळं तोंड द्या. वरच्या शेजाऱ्याच्या मळ्यातून निचऱ्याचं पाणी तुमच्यात येत असेल तर चर काढून ते बाहेरून वळवा. त्यापायी भाऊबंदकीत चार शब्द झाले तरी चालतील.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा तिन्ही पात्राबाहेर आल्या तेव्हा काय झालं ते तुम्हीही पाहिलं असेल. पाणी ओसरलं, वेल हिरवे दिसत होते, लोकांना वाटलं वाचलो. दोन आठवड्यांत बुंधे काळे पडून मळेच्या मळे बसले. मी ज्यांच्याकडे जातो त्यांतल्या काहींनी जैविक अगदी नियमानं केलं होतं, त्यांचेही गेले. बुंध्याशी चार दिवस पाणी थांबलं तर मुळं गुदमरतात, आणि पोहणाऱ्या शत्रूला त्याहून मोकळं मैदान कुठलं? जैविकाची मर्यादा ही अशी आहे. कोणी "नव्वद टक्के रोग जातो" म्हणालं तर पुडी फळीवर परत ठेवा आणि घरी या. तो आकडा रान, पाऊस, मळ्याचं वय आणि शेजाऱ्याचं पाणी यांवर हलतो.

मग आज, या आठवड्यात तुम्ही काय करायचं? डब्यात कापूस दिसला असं धरून सांगतो. शेजारी म्हणतो ते यंदापुरतं बरोबर आहे. रोग वर चढत असताना जैविकाच्या भरवशावर राहू नका. आधी डागाळलेली पानं खुडा. पानं कोरडी असताना, दुपारनंतर, ओल्या सकाळी नको. ती पाटात किंवा बांधावर न टाकता पोत्यात भरून बाहेर नेऊन खड्ड्यात पुरा. विक्रीचा खुडा असेल तर तोही आधी उरका. मग बोर्डो मिश्रण, पानांवर एक टक्का, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. लागण झालेल्या वेलांच्या आणि त्यांच्या शेजारच्या वेलांच्या बुंध्याला अर्धा टक्का. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत वेगळा विरघळवा, चुना वेगळा, गाळून घ्या, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. उलटं करू नका. मग घासलेला विळा त्यात मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पान भाजेल, चुन्याचं पाणी थोडं वाढवा. त्याच दिवशी वापरा. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्देनं १८८५ साली द्राक्षाच्या केवडा रोगासाठी हे सांगितलं आणि अजून त्याला तोड नाही. कारण तांबं बीजाणूला एका नेमक्या जागी मारत नाही, अनेक ठिकाणी मारतं, म्हणून रोगाला त्याची सहज सवय होत नाही.

बुंधा काळा पडून साल सुटलेले वेल वाचवत बसू नका. मातीच्या गड्ड्यासकट काढा. बोर्डोचा निळसर डाग बसलेली पानं बाजारात नेऊ नका. तांबोळी पानावरून बोट फिरवतो आणि सगळ्या मालाचा भाव पाडतो, शिवाय ते खाणाऱ्याच्या पोटात जातं हे आहेच. पुढचा खुडा नव्या पानांचा घ्या.

बोर्डोनंतर पंधरा दिवस काही नाही. मग स्यूडोमोनास, वर सांगितलं तसं, नव्या फुटव्यावर. तोपर्यंत आश्लेषा-मघा झालेल्या असतील, पाऊस उघडीप देत असेल, तेव्हा जिवाणूला तग धरायला बरं पडेल. ट्रायकोडर्माचा ढीग यंदा घाईनं करू नका. जिथं बुंध्याला बोर्डो ओतला तिथं ताज्या तांब्यात त्याचा जम बसणं कठीण. पुढच्या मेमध्ये करा, आणि पुड्या घ्यायच्या आठवडाभर आधी घरातून दोन चमचे भात मागून घ्या.

डब्यात कापूस न दिसता गुलाबी थेंब दिसले, म्हणजे करपा निघाला, तर बुंध्याचा बोर्डो गाळा. पानांवर एकदा बोर्डो, पडलेली जुनी पानं वेचून बाहेर आणि नंतर बॅसिलस, एवढ्यावर भागतं, कारण जमिनीतून येणाऱ्या मरीची भीती नाही. जिवाणू निघाला तर गोष्टच वेगळी, तेव्हा मला आधी कळवा, औषध मारू नका. एकच मळा, एकच काळा डाग, पण तीन रस्ते आहेत. म्हणून आज रात्री पाच पानं डब्यात टाका, आणि परवा सकाळी कापूस होता की नाही ते लिहा. फोटो काढणार असाल तर पान कोरडं पुसून, खिडकीच्या उजेडात, खालच्या बाजूचा काढा. बुंध्याचाही एक हवा, माती बाजूला सारून.